प्रकाशाचा जमाखर्च

घराच्या भिंतीवर टांगलेल्या ब्रॉडबँडच्या पेटीत जो प्रकाश पोहोचतो, तो पुरवठादाराच्या केंद्रातून निघालेल्या प्रकाशाच्या दोनशेव्या भागाहूनही बहुधा कमी असतो, आणि तरीही ती जोडणी पूर्णपणे निरोगी मानली जाते. प्रथमदर्शनी हे विधान विचित्र वाटते, कारण ‘सिग्नल कमी झाला’ हे वाक्य नेहमी तक्रारीच्याच सुरात उच्चारले जाते. काचेच्या तंतूवर चालणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये मात्र सिग्नलची घट आखणी करतानाच गृहीत धरलेली असते. त्यामुळे बिघाड शोधणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असा असतो की, हिशेबात धरलेल्या घटीपेक्षा प्रत्यक्षातली घट किती जास्त आहे आणि ही जास्तीची घट मार्गात नेमकी कोठे झाली आहे.

या मार्गाची रचना थोडक्यात अशी असते. पुरवठादाराच्या केंद्रात ‘ओएलटी’ नावाचे यंत्र असते, ते लेझरचा प्रकाश तंतूत सोडते. हा तंतू रस्त्यांखालून किंवा खांबांवरून वस्तीपर्यंत येतो, तेथे ‘स्प्लिटर’ नावाच्या लहानशा डबीत त्याच्या अनेक शाखा होतात, आणि त्यातील एक शाखा घरातील ‘ओएनटी’पर्यंत, म्हणजे सर्वसामान्यपणे जिला ‘मॉडेम’ किंवा ‘राउटर’ म्हटले जाते त्या पेटीपर्यंत येऊन संपते. केंद्र आणि घर यांच्यामध्ये वीज लागणारे एकही उपकरण नसल्यामुळे या जाळ्याला ‘पॅसिव्ह’, म्हणजे निष्क्रिय, असे विशेषण लागते, आणि त्याचा सर्वाधिक रूढ प्रकार ‘जीपॉन’ या नावाने ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मानकमालिकेनुसार यात केंद्राकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून केंद्राकडे जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, त्यामुळे एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकींना न अडवता चालू राहते. हे दोन्ही प्रकाश अवरक्त, अर्थात डोळ्यांना न दिसणारे आहेत. म्हणूनच उघड्या तंतूच्या टोकाकडे पाहून ‘लाइट येतोय का’ हे तपासण्याचा प्रयत्न निरर्थक तर असतोच, शिवाय डोळ्यांना घातकही ठरू शकतो.

प्रकाशाची ही घट मोजण्याचे एकक डेसिबल हे आहे. आवाजाच्या तीव्रतेच्या संदर्भात ते परिचित असले, तरी त्याचा जन्म टेलिफोनच्या तारांवरच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील टेलिफोन अभियंते तारेतील घट ‘प्रमाण केबलच्या इतक्या मैलांइतकी’ अशा भाषेत सांगत असत. १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या अभियंत्यांनी त्याऐवजी गुणोत्तरावर आधारलेले एकक आणले आणि पुढे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हटले जाऊ लागले. या एककाची सोय अशी की, मार्गातील प्रत्येक टप्प्यावर प्रकाश कितव्या हिश्शाने उरतो याचे गुणाकार-भागाकार करण्याऐवजी प्रत्येक टप्प्याची घट केवळ बेरजेने एकत्र करता येते. ३ डेसिबल घटले म्हणजे प्रकाश निम्मा उरला, १० डेसिबल घटले म्हणजे दहावा भाग उरला आणि २० डेसिबल घटले म्हणजे शंभरावा भाग उरला, एवढे लक्षात ठेवले तरी घरगुती जोडणी समजण्यापुरते गणित होते.

डेसिबल ही तुलना आहे. प्रत्यक्ष शक्ती सांगायची असेल तेव्हा ‘डीबीएम’ हे रूप वापरतात, आणि त्यात १ मिलिवॉट शक्तीला शून्य मानलेले असते. त्याहून अधिक शक्ती अधिक चिन्हाने आणि त्याहून कमी शक्ती उणे चिन्हाने दाखवली जाते, म्हणून उणे २० डीबीएम म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा भाग आणि उणे ३० डीबीएम म्हणजे हजारावा भाग. घरी आलेला तंत्रज्ञ फोनवरून ‘मायनस बावीस येतंय’ असे सहकाऱ्याला सांगतो तेव्हा तो हेच वाचन सांगत असतो. उणे चिन्हामुळे येथे अनेकांचा गोंधळ उडतो, कारण २७ हा आकडा २० पेक्षा मोठा दिसत असला तरी उणे २७ हे वाचन उणे २० पेक्षा वाईट असते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर पाचपटीने.

एवढ्या क्षीण प्रकाशावर काम भागते याचे श्रेय काचेच्या शुद्धतेला द्यावे लागते. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये संशोधन करणाऱ्या चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे दाखवून दिले की, तंतूतील प्रकाशाचा ऱ्हास मुख्यतः काचेतील अशुद्ध द्रव्यांमुळे होतो, आणि ती काढून टाकून घट किलोमीटरमागे २० डेसिबलच्या खाली आणता आली, तर काच ही तांब्याची जागा घेऊ शकेल. त्या काळी उपलब्ध असलेल्या काचेत ही घट किलोमीटरमागे हजार डेसिबलच्या घरात होती, त्यामुळे ही अपेक्षा अनेकांना स्वप्नरंजन वाटली असल्यास नवल नाही. परंतु चारच वर्षांत, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ही मर्यादा ओलांडली. काव यांना पुढे २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आजच्या तंतूत १४९० नॅनोमीटरच्या आसपास किलोमीटरमागे पाव डेसिबलच्या आतबाहेर घट होते, म्हणजे प्रकाश निम्मा होण्यासाठी सुमारे १२ किलोमीटर जावे लागते. ही उरलेली घटही मुख्यत्वे काचेच्या रेणूंवर प्रकाश विखुरल्याने होते. ज्या विकिरणामुळे आकाश निळे दिसते तेच हे विकिरण, आणि बिघाड शोधण्याच्या कामी ते पुढे कसे उपयोगी पडते, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. असा तंतू आता महाराष्ट्रातही ओढला जातो; छत्रपती संभाजीनगर येथील स्टरलाइटचे कारखाने त्यासाठी ओळखले जातात.

काच इतकी पारदर्शक असेल, तर प्रकाश दोनशेव्या भागाहून कमी का उरतो, याचे उत्तर स्प्लिटरमध्ये आहे. केंद्रातून निघालेला एक तंतू ६४ घरांमध्ये वाटायचा असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त चौसष्टावाच भाग येणार, आणि डेसिबलच्या भाषेत हा भाग १८ डेसिबलची घट ठरतो. प्रत्यक्ष स्प्लिटर आदर्श नसल्यामुळे त्यात आणखी दोन-तीन डेसिबल खर्ची पडतात. एका सर्वसाधारण मार्गाचा हिशेब मांडून पाहिल्यास हे स्पष्ट होते. केंद्रातून अधिक ३ डीबीएम, म्हणजे २ मिलिवॉट, एवढा प्रकाश निघाला असे मानले, तर ४ किलोमीटर काचेत १ डेसिबल जातो. एकास आठ वाटणीच्या, दोन टप्प्यांत बसवलेल्या स्प्लिटरांत प्रत्येकी साडेदहा याप्रमाणे २१ डेसिबल जातात. वितळवून जोडलेल्या सहा सांध्यांत प्रत्येकी ०.१ धरून ०.६ डेसिबल, आणि चार कनेक्टरांत प्रत्येकी ०.३ धरून १.२ डेसिबल जातात. एकूण घट २३.८ डेसिबल झाली आणि घरात उणे २०.८ डीबीएम प्रकाश पोहोचला, म्हणजे सुमारे ८ मायक्रोवॉट, मूळच्या प्रकाशाचा सुमारे २४० वा भाग. या २३.८ डेसिबलपैकी १८ डेसिबल ही नासाडी नसून वाटणी आहे, कारण तो प्रकाश शेजाऱ्यांच्या घरी पोहोचलेला आहे. खऱ्या अर्थाने वाया गेलेला भाग सहा डेसिबलहूनही कमी आहे. वाटणी आणि गळती यांतला हा भेद न ओळखता नुसत्या आकड्याकडे पाहणारा माणूस निरोगी जोडणीलाही आजारी ठरवतो.

अनेक स्थानिक केबलचालक समान वाटणीच्या स्प्लिटरऐवजी ‘कपलर’ वापरतात, आणि त्यात वाटणी विषम असते. गल्लीतून जाणाऱ्या एकाच तंतूवर ठिकठिकाणी असे कपलर बसवून पहिल्या इमारतीसाठी १० टक्के प्रकाश काढून घेतला जातो आणि उरलेला ९० टक्के पुढे सोडला जातो. पुढे जसजसा प्रकाश कमी होत जाईल तसतसा काढून घेण्याचा हिस्सा वाढवत न्यावा लागतो. कालव्याच्या पाण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही या पद्धतीतला धोका सांगावा लागत नाही. वरच्या अंगाला कोणी ठरल्याहून मोठा हिस्सा काढला, किंवा मधल्या एखाद्या जोडाची गळती वाढली, की तिचा भार शेपटाकडच्या घरांवर पडतो, आणि तक्रार करणाऱ्याचे घर व बिघाडाची जागा यांत अनेक इमारतींचे अंतर असू शकते.

ही सगळी घट सोसूनही यंत्र काम करते, कारण ओएनटीला लागणारा किमान प्रकाश फारच थोडा असतो. जीपॉनच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘बी प्लस’ या वर्गात घरातील यंत्राने उणे २७ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे सुमारे २ मायक्रोवॉटचा प्रकाशही अचूक वाचला पाहिजे आणि मार्गातील एकूण घट २८ डेसिबलपर्यंत चालली पाहिजे, असा दंडक आहे. वरील उदाहरणात उणे २०.८ आणि उणे २७ यांच्यामध्ये सहा डेसिबलहून थोडी अधिक शिल्लक राहते. ही शिल्लक चैन नाही. पुढील काही वर्षांत तुटलेल्या तंतूला पडणारे नवे सांधे, कनेक्टरवर बसणारी धूळ आणि लेझरचे वय या सर्वांची भरपाई तिच्यातूनच होते. जोडणी देतानाच उणे २६ वाचन दाखवणारे घर त्या दिवशी उत्तम चालेल, मात्र पहिल्या पावसाळ्यात बंद पडले तर त्याचे आश्चर्य वाटू नये. दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. उणे ८ डीबीएमहून अधिक प्रकाश आल्यास घरातील यंत्र दिपून जाते आणि चुका करू लागते, म्हणून केंद्राच्या अगदी जवळच्या जोडणीत क्वचित मुद्दाम घट घडवणारा ‘ॲटेन्युएटर’ बसवावा लागतो.

सिग्नलची घट आणि इंटरनेटचा वेग यांचा संबंध कसा आहे, याविषयीचा सार्वत्रिक गैरसमज तांब्याच्या काळातून आलेला आहे. २००५ च्या सुमारास बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी टेलिफोनच्या तारेवरून जे ब्रॉडबँड सुरू केले, ते डीएसएल तंत्रावर चालत असे. त्यात एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढेल तशी उच्च वारंवारतांची घट वाढे, आणि मॉडेम तारेच्या अवस्थेशी जुळवून घेत आपला वेग पायरीपायरीने उतरवी. तेथे सिग्नल कमी म्हणजे वेग कमी हे समीकरण बरोबर होते. काचेच्या तंतूवरील जीपॉनचा वेग मात्र ठरलेला असतो. तो घराकडे येताना सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट एवढा असतो आणि प्रकाश कमी झाला म्हणून हे यंत्र सावकाश बोलू लागत नाही. उणे १५ असो वा उणे २४, वेगात काहीही फरक पडत नाही; मात्र किमान मर्यादा जवळ आली की चुकीचे बिट वाढू लागतात, त्यांतील बऱ्याचशा चुका दुरुस्तीचे अंगभूत गणित निस्तरते, आणि त्यापुढे एखाद-दुसऱ्या डेसिबलच्या फरकाने जोडणी अडखळू लागते किंवा पूर्ण तुटते. उतार नाही, एकदम कडाच आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी वेग मंदावतो आणि सकाळी पूर्ववत होतो, अशी तक्रार असेल, तर दोष प्रकाशात शोधण्याऐवजी गर्दीत शोधावा; तो २.५ गिगाबिटचा वेग ६४ घरांनी एकाच क्षणी मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिटच्या आसपास येतो, हे साध्या भागाकाराने कळते.

गर्दीहूनही मोठा गोंधळ वायफायचा आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या वायफायच्या रेघा केवळ राउटरपासून मोबाइलपर्यंत पोहोचणाऱ्या रेडिओ सिग्नलची ताकद दाखवतात. बाहेरून येणाऱ्या तंतूच्या अवस्थेशी त्यांचा काही संबंध नसतो. आरसीसीची भिंत, लोखंडी कपाट अशा अनेक कारणांनी त्या कमी होतात. लॅपटॉप लॅन केबलने थेट पेटीला जोडून वेग मोजला आणि तो पुरेसा आढळला, तर बाहेरच्या मार्गाची तपासणी करण्यात कोणाचाच वेळ दवडू नये. ही साधी चाचणी न करता नोंदवलेल्या तक्रारी ग्राहक आणि तंत्रज्ञ या दोघांनाही थकवतात.

प्रकाशाच्या खऱ्या बिघाडाची पहिली सूचना पेटीवरचे दिवे देतात. ‘पॉन’ असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल, तर केंद्राशी जोडणी प्रस्थापित झालेली आहे. तो सतत लुकलुकत असेल, तर प्रकाश पोहोचतो आहे, पण केंद्राने यंत्राची नोंद पूर्ण केलेली नाही. आणि ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर वाचता येण्याजोगा प्रकाश येतच नाही. या दिव्यांना केवळ आहे किंवा नाही एवढेच सांगता येते, मधली अवस्था सांगता येत नाही. ती पाहण्यासाठी पेटीच्या सेटिंगचे पान उघडावे लागते. त्याचा पत्ता आणि प्रवेशाचे शब्द बहुधा पेटीच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेले असतात, आणि त्या पानावर ‘ऑप्टिकल’ या शीर्षकाखाली ‘आरएक्स पॉवर’ म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची व ‘टीएक्स पॉवर’ म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये दिलेली असते. काही पुरवठादार हे पान ग्राहकासाठी बंद ठेवतात, जे समर्थनीय नाही, कारण विजेच्या मीटरवरचा आकडा ग्राहकाला पाहता येतो तसाच हाही पाहता यायला हवा. पेटीतला मापक दोन-तीन डेसिबलने चुकू शकतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर फार विसंबता येत नाही. परंतु तोच मापक महिन्यापूर्वी उणे २१ आणि आज उणे २५ दाखवत असेल, तर चार डेसिबलची वाढीव घट जवळजवळ निश्चितपणे खरी असते. आकड्यापेक्षा त्यातला बदल अधिक विश्वासार्ह असतो, ही या सगळ्या शोधातली सर्वांत उपयुक्त गोष्ट होय.

ही वाढीव घट बहुतेक वेळा शेवटच्या काही मीटरांत, म्हणजे घरात किंवा घराच्या भिंतीलगत झालेली असते. प्रकाश ज्यातून वाहतो तो तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर रुंदीचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक असतो. त्याभोवतीच्या काचेचा अपवर्तनांक किंचित कमी असल्यामुळे प्रकाश गाभ्यातच अडकून राहतो. तंतू तीव्रपणे वाकवला की ही कैद सैल होते आणि प्रकाश वळणावरून बाहेर झिरपतो. जुन्या प्रकारच्या तंतूला ३० मिलिमीटर त्रिज्येहून लहान वळण सोसत नसे. घरांसाठी बनवलेल्या जी.६५७ वर्गातील तंतूंनी ही मर्यादा १० आणि पुढे ७.५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली, पण काटकोनात दुमडणे त्यांनाही चालत नाही. घरात येणारी काळी चपटी तार विजेच्या वायरीसारखी दिसते, कारण तिच्यात आधारासाठी पोलादी तार आणि बळकटीसाठी काड्या असतात. त्यामुळे तिला विजेच्या वायरीसारखेच वागवले जाते. सरकत्या खिडकीच्या चौकटीत ती चेमटली जाते, क्लिपचा खिळा जोराने ठोकला जातो, कपाट भिंतीला सरकवताना पेटीमागचा पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली पातळ जोडतार, दुमडला जातो, आणि दिवाळीच्या साफसफाईत गुंडाळी घट्ट आवळून खिळ्याला अडकवली जाते. यातील प्रत्येक प्रकारात तंतू न तुटताही कित्येक डेसिबल गमावले जातात.

वळणाची गळती ओळखण्याची एक सुंदर खूण आहे. तरंगलांबी जितकी जास्त तितका प्रकाश गाभ्याबाहेर अधिक पसरलेला असतो आणि वळणावर तितका अधिक गळतो; याउलट सरळ काचेत कमी तरंगलांबीचा प्रकाश थोडा अधिक घटतो. म्हणून घराकडे येणाऱ्या १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट बरीच वाढली असेल आणि केंद्राकडे जाणाऱ्या १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट तुलनेने थोडीच वाढली असेल, तर संशय वळणावर घ्यावा. दोन्ही सारख्याच वाढल्या असतील, तर मळलेला कनेक्टर किंवा बिघडलेला सांधा शोधावा. दोन्ही दिशांचे आकडे पुरवठादाराच्या केंद्रात एकत्र दिसतात, त्यामुळे जाणकार माणूस घरी येण्यापूर्वीच अर्धे निदान करू शकतो.

मळलेला कनेक्टर हा दुसरा नेहमीचा अपराधी. ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यापुढे धुळीचा एक कण म्हणजे खिडकीपुढे रचलेली भिंत. कनेक्टर काढून सदऱ्याच्या टोकाने पुसणे आणि तोंडाने फुंकर मारून परत बसवणे हा सर्रास दिसणारा उपाय धुळीत तेल आणि ओलावा यांची भर घालतो. त्यासाठी धागे न सोडणारे विशेष कापड व आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा टोकावर दाबताच कोरडी फीत फिरवणारे पेनासारखे साधन वापरावे लागते. कनेक्टरांच्या रंगालाही अर्थ आहे. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते, जेणेकरून परावर्तित प्रकाश परत लेझरकडे न जाता बाहेर फेकला जावा. निळ्याचे टोक तिरपे नसते. आकार सारखाच असल्याने हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात खरे, पण टोकांमध्ये हवेची फट राहते आणि काही डेसिबल तेथेच जातात. घाईत हाताला येईल तो पॅच कॉर्ड लावून गेलेल्या माणसामुळे झालेला हा बिघाड वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

घराबाहेरच्या कारणांना ऋतूंचे वळण असते. वितळवून जोडलेला सांधा टिकाऊ असतो, पण घाईच्या दुरुस्तीत तंतूची टोके केवळ समोरासमोर धरणारा यांत्रिक जोड वापरला जातो, त्यातील पारदर्शक जेल उन्हाने कालांतराने सुकते आणि घट वाढते. खांबावरच्या जोडपेटीचे झाकण नीट न बसल्यास पावसाचे पाणी आत शिरते. उंदीर आणि खारी आवरण कुरतडतात, वाऱ्याने हलणारी फांदी तार घासत राहते. रस्ते खोदणाऱ्या जेसीबीने तर एका घावात संपूर्ण वस्ती अंधारात जाते. असे अपघात टाळण्यासाठी खोदणाऱ्याने आधी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना कळवावे, या हेतूने केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

बिघाडाची जागा निश्चित करण्याचा पहिला मार्ग कोणतेही उपकरण न वापरता केवळ तर्काने चालतो. एकाच स्प्लिटरवरील सर्व घरांचे वाचन एकदम चार डेसिबलने उतरले असेल, तर दोष स्प्लिटरच्या अलीकडे, म्हणजे केंद्राच्या बाजूला आहे. एकाच घराचे उतरले असेल, तर त्या घराच्या शाखेवर आहे. वीज गेल्यामुळे बंद पडलेले घर आणि तंतू तुटल्यामुळे बंद पडलेले घर यांतला फरकही केंद्राला कळतो, कारण वीज जाताच ओएनटी उरलेल्या क्षणभराच्या ऊर्जेवर एक निरोप पाठवते, ज्याला मानकाच्या भाषेत चक्क ‘अखेरचा आचका’ अशा अर्थाचे नाव आहे. तंतूच तुटला असेल, तर हा निरोप येत नाही. ज्या घरी भारनियमनात इंटरनेट जाते, त्यांना तंत्रज्ञाची नाही, ओएनटीसाठी लहानशा यूपीएसची गरज असते.

त्यानंतर उपकरणांची पाळी येते. पॉवर मीटर लावून तंत्रज्ञ मार्गातील एकेका ठिकाणी डीबीएम वाचत मागे मागे जातो आणि जेथे आकडा अचानक सुधारतो तेथे थांबतो. जवळच्या अंतरासाठी लाल लेझरचे पेन वापरतात. त्याचा दिसणारा प्रकाश तंतूत सोडला की चिरलेल्या किंवा चेमटलेल्या जागी पातळ आवरणातून लाल ठिपका चमकतो, मात्र जाड काळ्या तारेतून तो दिसत नाही.

लांब अंतरासाठीचे ‘ओटीडीआर’ हे उपकरण मात्र विशेष कौतुकास पात्र आहे. ते तंतूत प्रकाशाचा अतिसूक्ष्म स्पंद सोडते आणि काचेच्या रेणूंवरून विखुरून मागे येणारा अंश वेळेनुसार मोजत बसते. जे विकिरण एरवी घटीचे कारण, तेच येथे साक्षीदार होते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने एक किलोमीटरवरून परत यायला त्याला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात, आणि वेळेवरून अंतर काढता येते. पडद्यावर उमटणारी रेषा हळूहळू उतरत जाते, सांध्यापाशी तिला लहानशी पायरी पडते, कनेक्टरपाशी टोकदार शिखर येते आणि तुटलेल्या जागी ती कोसळते. तरीही उपकरणाने दाखवलेले १,८४० मीटर म्हणजे रस्त्यावरचे १,८४० मीटर नव्हेत, कारण ते तंतूची लांबी मोजते, आणि खांबाखांबावर दुरुस्तीसाठी गुंडाळून ठेवलेली जास्तीची तार त्यात धरलेली असते. म्हणूनच कोणत्या खांबावर किती मीटरची गुंडाळी आहे याची वही ठेवणारा लाइनमन महागड्या उपकरणाइतकाच मोलाचा असतो. केंद्राकडून पाहताना स्प्लिटरपलीकडच्या सर्व शाखांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एका घराचा दोष शोधायचा असेल, तर ओटीडीआर बहुधा घराच्या टोकाकडून लावतात, आणि इतर घरांची सेवा चालू असेल तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा वेगळा प्रकाश वापरतात.

क्वचित दोष मार्गात नसून यंत्रातच असतो. ओएनटीतील लेझर म्हातारा झाला की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला अधिक विद्युतप्रवाह लागतो आणि शेवटी बाहेर जाणारी शक्ती घसरू लागते. येणारा प्रकाश उत्तम असूनही जोडणी तुटत राहते, त्याचे हे एक कारण. याहून विचित्र प्रकार म्हणजे एखादे बिघडलेले ओएनटी आपल्या पाळीबाहेर सतत प्रकाश सोडत राहते. सर्व घरांनी एकाच तंतूवर पाळीपाळीने बोलायचे असल्याने अशा एका यंत्रामुळे संपूर्ण स्प्लिटरची सेवा कोलमडू शकते, आणि त्या वेळी कोणाच्याही घरातील आरएक्स पॉवरमध्ये काहीच वावगे दिसत नाही.

या सगळ्या शोधाचा आधार असलेला जुना आकडा बहुतेक घरांत नोंदलेलाच नसतो. जोडणी बसवली जाते त्या दिवशी तंत्रज्ञाने मीटरवर पाहिलेले वाचन त्याला विचारावे, त्याच वेळी पेटीच्या पानावर दिसणारी आरएक्स आणि टीएक्स पॉवर पाहावी, आणि तिन्ही आकडे तारखेसह पेटीच्या पाठीला चिकटवून ठेवावेत. पुढे तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे न सांगता ‘जूनमध्ये उणे २१ होते, आज उणे २६ आहे’ असे सांगावे.